कंदील, बेदाणा आणि न्हावा शेवा : छोट्या धंद्याचा माल परदेशी कसा धाडावा

नवखा निर्यातदार गिऱ्हाईक शोधण्यात महिने घालवतो आणि माल पोचवायचा कसा, हे ऑर्डर हातात पडल्यावर विचारतो. तोवर भाव कबूल करून झालेला असतो. वाहतूक त्या भावात बसली नाही की नफा जातो, आणि वर गिऱ्हाईकाशी वाकडं येतं ते वेगळंच. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी खोकं मोजा, मग वाहतुकीचा दर काढा आणि त्यानंतरच भाव सांगा.

पुढे सगळीकडे दोनच माल उदाहरणाला घेतले आहेत. एक तासगावचा बेदाणा, जड आणि आटोपशीर. दुसरा दिवाळीचा आकाशकंदील, हलका पण जागा खाणारा. तुमचा माल या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसेल.

आधीची कागदपत्रं, थोडक्यात

आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ५०० रुपयांत निघतो. तो पॅनवर आधारलेला असतो. काहीही बदललेलं नसलं तरी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत करावा लागतो, नाहीतर बंद पडतो, आणि हे बऱ्याच जणांना माल गोदीवर पोचल्यावर कळतं. बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या शाखेच्या क्रमांकाचं) पत्र घेऊन, ज्या बंदरातून किंवा विमानतळावरून माल जाणार तिथल्यासाठी आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर नोंदवा. जीएसटी न भरता निर्यात करायची तर एलयूटी, म्हणजे हमीपत्राचा फॉर्म, भरा. तो आर्थिक वर्षापुरताच चालतो, एक एप्रिलला नवा लागतो. बेदाण्यासारख्या खाद्यवस्तूला यावर अपेडाची (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची) नोंदणी, एफएसएसएआयचा अन्नपरवाना आणि फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचं, प्रमाणपत्र लागतं.

कोण काय करतो

शिपिंग लाइन म्हणजे जहाज आणि कंटेनर चालवणारी कंपनी : मर्स्क, एमएससी, सीएमए सीजीएम, हॅपॅग-लॉइड वगैरे. फॉरवर्डर त्यांच्याकडून जागा घेऊन तुम्हाला विकतो. सीएचए, म्हणजे कस्टम्स ब्रोकर, तुमच्या वतीने शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडचा निर्यातीचा अर्ज, भरतो आणि माल पास करून घेतो. सीएफएस हे बंदराबाहेरचं गोदाम, न्हावा शेवाला त्यातली बरीच द्रोणागिरीच्या बाजूला आहेत. कुरिअर कंपन्या (डीएचएल, फेडेक्स, यूपीएस, अ‍ॅरामेक्स) ही सगळी कामं एकाच छपराखाली करतात आणि त्याचे पैसे घेतात.

मोठ्या लाइन आता आपल्या पोर्टलवर थेट दर दाखवतात आणि बुकिंगही घेतात. पण महिन्याला एखादा कंटेनरही न भरणाऱ्याने सुरुवातीला फॉरवर्डरच धरावा. कंटेनर मिळाला नाही किंवा जहाज चुकलं, तर पोर्टल तुमच्यासाठी कुणाला फोन लावत नाही. फॉरवर्डर स्वतःच्या नावाने बिल ऑफ लेडिंग (माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती) देणार असेल, तर डीजी शिपिंगकडे, म्हणजे नौवहन महासंचालनालयाकडे, त्याची मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट ऑपरेटर म्हणून नोंदणी आहे का, ते आधी विचारा. विचारायला लाजू नका, नोंदणी असलेला माणूस क्रमांक लगेच सांगतो.

खोक्याचं माप

वाहतूकदार वजनाचे पैसे घेतो किंवा जागेचे, दोन्हीपैकी जे जास्त भरेल त्याचे. हिशेब मात्र प्रत्येक वाटेला वेगळा आहे.

कुरिअर : लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००.
विमान कार्गो : तेच, भागिले ६,०००.
समुद्रमार्गे सुटा माल : १ घनमीटर म्हणजे १ टन, जास्त भरेल ते.

आता कंदील घ्या. खोकं ६० × ४५ × ४० सेंमी, आत तयार कंदील, काट्यावर वजन ६ किलो. कुरिअरच्या हिशेबाने १,०८,००० भागिले ५,००० म्हणजे २१.६ किलो, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्याने वर धरून २२. सहा किलोच्या मालाचे बावीस किलोचे पैसे.

यात आणखी एक चोरवाट आहे. खोकं दाबून भरलं की पोट सुटतं, वरची टेप फुगते. तुम्ही पट्टी धरली रिकाम्या खोक्याला, कुरिअरचं यंत्र मोजतं भरलेल्याला, तेही सगळ्यात फुगीर जागी. ६० × ४५ × ४० चं खोकं ६२ × ४६ × ४२ झालं की हिशेब जातो २४ किलोवर. खोक्यामागे दोन किलो फुकट. म्हणून माप नेहमी भरून, टेप लावून झाल्यावर घ्या, पट्टी टेकवून, आणि फोटो काढून ठेवा. नंतर वाढीव बिल आलं तर भांडायला तोच उपयोगी पडतो.

खरा उपाय मात्र मालाच्या रचनेतच असतो. तेच कंदील घडीचे करून १२ सेंमी उंचीत बसवता आले, तर ६० × ४५ × १२ चे ६.४८ किलो होतात, आकारणी साडेसहा किलोची. म्हणजे भाडं जवळजवळ खऱ्या वजनावर आलं. कुरिअर कंपनीशी दहा टक्के सवलतीसाठी घासाघीस करण्यापेक्षा कारागिराबरोबर एक दुपार घालवलेली बरी.

बेदाण्याचं गणित वेगळं. ४० × ३० × १३ सेंमीच्या खोक्यात १० किलो माल, खोक्यासकट १०.६ किलो. कुरिअरला मापाने ३.१२ किलो, त्यामुळे आकारणी खऱ्या वजनावर. समुद्रमार्गे मात्र ते ०.०१५६ घनमीटर जागा घेतं, वजन ०.०१०६ टन, म्हणजे आकारणी जागेवर. तोच माल एका वाटेला तोलला जातो, दुसरीला मोजला जातो.

चार वाटा

पोस्ट. एक-दोन किलोची पाकिटं, थेट घरगुती गिऱ्हाईकाला विकणारे यांच्यासाठी. डाक घर निर्यात केंद्रं देशभर एक हजाराहून जास्त आहेत, तिथे निर्यातीचं बिल ऑनलाइन भरता येतं आणि सीएचए लागत नाही. वेग आणि माग काढण्याची सोय देशागणिक बदलते.

कुरिअर. नमुने आणि घाईचा छोटा माल. इथे नवखे एक चूक हमखास करतात. विक्रीचा माल 'सॅम्पल' म्हणून सीएसबी-४ मध्ये (नमुने आणि भेटींसाठीच्या कुरिअर शिपिंग बिलात) घालतात, कारण काउंटरवरच्या माणसाला ते सोपं पडतं. मग ती निर्यात म्हणून तुमच्या आयईसीवर धड चढत नाही आणि आलेले पैसे कशाचे, असं बँक विचारते. विकलेला माल सीएसबी-५ मध्येच, म्हणजे विक्रीसाठीच्या बिलातच, जायला हवा. बुकिंगच्या वेळी तोंडी नव्हे, ईमेलवर तसं लिहा.

विमान कार्गो. साधारण पन्नास-शंभर किलोपासून पुढे कुरिअरशी तुलना करून बघा. मुंबईत सहारच्या कार्गो संकुलातून माल जातो. दर ४५, १००, ३०० किलो अशा टप्प्यांवर उतरतो, त्यामुळे कधी कधी ९२ किलोचं बिल १०० किलो दाखवून भरणं स्वस्त पडतं. फॉरवर्डरला तसं विचारा.

समुद्र. सुटा माल म्हणजे एलसीएल, पूर्ण कंटेनर म्हणजे एफसीएल. बारा-पंधरा घनमीटरच्या पुढे गेलात की दोन्हीचे दर शेजारी शेजारी ठेवून बघाच. कंटेनर अर्धा रिकामा गेला तरी पुष्कळदा तोच परवडतो, शिवाय दुसऱ्यांच्या मालात मिसळण्याचा धोका टळतो.

अमेरिकेला छोटी पार्सलं पाठवणाऱ्यांनी जुना हिशेब विसरायला हवा. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी बंद झाली. न्यू जर्सीतल्या कुटुंबाला फराळाचा डबा असो की दुकानदाराला कंदील, शुल्क कोण भरणार हे आधी ठरवा. खाद्यवस्तूला तिथल्या एफडीएला (अन्न व औषध प्रशासनाला) पूर्वसूचनाही द्यावी लागते. आणि चकली विमानाने धाडायची तर डबा कडक हवा, नाहीतर भाजणीच पोचते.

कंदिलाबद्दल एक सूचना. आत बॅटरीवरची दिव्यांची माळ असेल तर ती जाहीर करा. लिथियम बॅटरी हा धोकादायक मालाच्या नियमात येतो. स्क्रीनिंगमध्ये ती दिसली की एक खोकं नव्हे, सगळी खेप अडते. बांबूच्या काड्या असतील तर तिकडच्या शेती तपासणीला काय लागतं, ते गिऱ्हाईकाच्या ब्रोकरकडून लेखी घ्या.

दर मागताना

'लंडनला काय घ्याल?' या प्रश्नाला कुणी खरं उत्तर देत नाही. ईमेलमध्ये हे सगळं हवं : मालाचं नाव आणि आठ आकडी एचएस कोड (कस्टम्समधला मालाच्या प्रकाराचा क्रमांक), खोक्यांची संख्या, प्रत्येकाचं माप आणि वजन, पॅलेटवर (खोकी रचायच्या फळ्यांच्या पाटावर) की सुटं, माल उचलायचा पत्ता, पोचवायचं बंदर किंवा दार, माल तयार होण्याची तारीख आणि व्यवहाराची अट.

अट म्हणजे इनकोटर्म. एफओबीमध्ये न्हावा शेवाला जहाजावर चढेपर्यंतचा खर्च तुमचा : गाडी, सीएचए, टर्मिनलचं हँडलिंग, बिल ऑफ लेडिंगची फी. सीआयएफमध्ये भाडं आणि विमाही तुमचा. डीडीपीमध्ये परदेशातलं शुल्कसुद्धा तुमच्या डोक्यावर. नवख्याने डीडीपी कबूल करू नये. तिकडच्या कस्टम्सने एचएस कोड बदलला तर वाढलेलं शुल्क तुमच्या खिशातून जातं आणि तुम्ही इथे बसून काही करू शकत नाही.

दर आला की तीन भाग वेगळे करून मागा : इकडचा खर्च, समुद्राचं भाडं, तिकडचा खर्च. एलसीएलमध्ये समुद्राचं भाडं कधी कधी शून्य लिहिलेलं दिसतं. कुणी फुकट नेत नसतो. ते पैसे तिकडच्या एजंटकडून, माल सोडवताना गिऱ्हाईकाच्या माथी मारले जातात. दोन-तीन घनमीटरच्या मालाला असं अवाढव्य बिल आलं की गिऱ्हाईक तुमच्यावर चिडतं, आणि पुढची ऑर्डर येत नाही. म्हणून डेस्टिनेशन चार्जेसचा तक्ता आधी मागा, गिऱ्हाईकाला पाठवा, त्याची संमती घ्या, मगच बुकिंग करा. दर किती तारखेपर्यंत टिकणार आणि सरचार्ज त्यात धरलेत का, हेही लिहून घ्या. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला आणि मूळ दरावर नवे सरचार्ज बसले.

पॅलेटची सहा खोकी

समजा बेदाण्याची दीडशे खोकी एलसीएलने पाठवायची आहेत. सुटी धरली तर २.३४ घनमीटर. पण सुटी खोकी चार ठिकाणी चढ-उतार होताना फुटतात, म्हणून पॅलेट हवं. पॅलेट १२० × १०० सेंमी, स्वतःची उंची १५. सगळी एकाच दिशेला ठेवली तर एका थरात ९ खोकी बसतात. दोन पॅलेटवर प्रत्येकी ७५, म्हणजे आठ पूर्ण थर आणि नवव्यावर तीन एकटी खोकी. उंची १३२ सेंमी, दोन्ही मिळून ३.१७ घनमीटर.

आता १४४ च पाठवा. प्रत्येकी आठ थर, उंची ११९, दोन्ही मिळून २.८६ घनमीटर. म्हणजे ती शेवटची सहा खोकी, ज्यांचं स्वतःचं माप ०.०९ घनमीटर, ०.३१ घनमीटरचं भाडं खात होती. ऑर्डर घेतानाच गिऱ्हाईकाला १४४ किंवा १६२ चा आकडा सुचवा. खोकी एकावर एक बरोबर कोपऱ्याला कोपरा लावून रचा. विटांसारखी सांधेमोड रचना मजबूत दिसते, पण खोक्याची ताकद कोपऱ्यांत असते आणि सांधेमोडीत वरचा कोपरा खालच्याच्या पोटावर येतो.

पॅलेट लाकडी असेल तर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकूड कीडमुक्त केल्याच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का हवाच. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशावर सलग ३० मिनिटं तापवलेलं असतं, आणि शिक्क्यात गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाचा कोड आणि 'एचटी' (हीट ट्रीटेड, तापवलेलं) असतं. शिक्का दोन विरुद्ध बाजूंना दिसला पाहिजे. डगडगतं पॅलेट दुरुस्त करताना कुणी साध्या लाकडाची एक फळी ठोकली तर तेवढ्यावरून माल परत पाठवला जाऊ शकतो. प्लायवूड किंवा प्लॅस्टिकच्या पॅलेटला हा त्रास नाही.

पूर्ण कंटेनर घेतला तर

वीस फुटी कंटेनरची आतली जागा साधारण ५.८९ × २.३५ × २.३९ मीटर. आपली बेदाण्याची खोकी सगळी एकाच दिशेला ठेवली तर तळाला ९८ बसतात. सतरा थर लावले तर १,६६६ खोकी, वजन जवळपास १७.७ टन. सगळ्यात खालच्या खोक्यावर तेव्हा १७० किलो भार येतो, त्यामुळे तीन प्लायचं खोकं इथे चालणार नाही. पाच प्लाय घ्या, आणि पावसाळ्यात आणखी मजबूत. पुठ्ठा ओल धरला की त्याची ताकद झपाट्याने उतरते.

रिकामा कंटेनर आला की माल भरण्याआधी पाच मिनिटं द्या. आत उभे राहा आणि दारं बंद करून घ्या. कुठेही उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणी येणार. मग नाक वापरा. आधीच्या फेरीला मसाला, रसायन किंवा चामडं गेलं असेल तर वास लाकडी तळात मुरलेला असतो, आणि बेदाणा तो ओढून घेतो. तळ हाताने चाचपा, ओला लागला तर नाकारा. दाराचं रबर फाटलेलं नाही ना, ते बघा. नाकारलेला कंटेनर बदलायला एक दिवस जातो, म्हणून स्टफिंग, म्हणजे कंटेनर भरणं, कटऑफच्या (बंदराने माल घेण्याच्या शेवटच्या वेळेच्या) आदल्या दिवशी कधी ठेवू नये. भरताना छताला आर्द्रता शोषणाऱ्या पट्ट्या टांगा. दिवसा तापलेल्या कंटेनरच्या छतावर रात्री थेंब जमतात आणि वरच्या खोक्यांवर पडतात. जहाजावरच्या लोकांचं यासाठी 'कंटेनरमधला पाऊस' असं नावच आहे.

कंटेनरचा क्रमांक चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला एक तपासणी आकडा असा असतो. तो कागदावरून नव्हे, दारावरून वाचा आणि फोटो काढा. सीलचाही. एक आकडा चुकला तर फॉर्म-१३, म्हणजे बंदराचा प्रवेश-परवाना, अडतो, आणि त्याशिवाय गाडी बंदरात शिरत नाही.

भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन, म्हणजे व्हीजीएम, १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं आहे. माल, खोकी, पॅलेट, टेकू आणि दारावर लिहिलेलं रिकाम्या कंटेनरचं वजन, या सगळ्यांची बेरीज. अंदाज लिहू नका.

तारखा उलट्या मोजा

बुकिंगच्या कागदावर जहाज सुटण्याची तारीख ठळक असते आणि सगळे तिच्याकडेच बघतात. तुमच्या कामाच्या तारखा बारीक अक्षरांत असतात : कागदांची शेवटची वेळ, व्हीजीएमची वेळ आणि गेट बंद होण्याची वेळ. यातली एक चुकली तर कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जातो, बोलीभाषेत 'रोल होतो', आणि थांबल्या दिवसांचं भाडं तुमच्याकडून जातं.

कंदिलाचं वेळापत्रक मांडून बघा. माल दिवाळीच्या तीन आठवडे आधी न्यू जर्सीतल्या दुकानात हवा. तिकडे कस्टम्स, कंटेनर उघडून माल वेगळा करणं आणि गाडी, यांना दहा-बारा दिवस. समुद्रप्रवास आणि मधला बदल धरून दीड महिना. इकडे सीएफएसला माल जमा होऊन कंटेनर भरेपर्यंत एक आठवडा. अडलं-नडलं म्हणून आणखी दहा दिवस. म्हणजे दिवाळीच्या साधारण तीन महिने आधी कंदील न्हावा शेवाला हवा, ऐन पावसाळ्यात. कागद आणि बांबू त्याआधी जमवून कोरडे ठेवायला लागतात. गणपती आटोपल्यावर काम हातात घेणाऱ्याला विमानाशिवाय वाट उरत नाही, आणि हलक्या मालाला विमान काय घेतं ते वर आलंच आहे.

कागद आणि बिल ऑफ लेडिंग

इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिल यांत खोक्यांची संख्या, निव्वळ वजन, एकूण वजन आणि मालाचं वर्णन अक्षरशः एकसारखं हवं. सीएचए शिपिंग बिल भरण्याआधी चेकलिस्ट पाठवतो. ती नवखे न वाचता 'ओके' म्हणून परत करतात. ती वाचा. ड्रॉबॅक आणि रोडटेपचा (निर्यातदाराला शुल्क आणि कर परत मिळण्याच्या दोन योजनांचा) दावा तिथेच नोंदवायचा असतो, नंतर मागे जाऊन घालणं त्रासाचं. इनव्हॉइस क्रमांक जीएसटी रिटर्नमध्ये लिहिणार तसाच इथे लिहा, मधली तिरकी रेघसुद्धा. आयजीएसटी (निर्यात-आयातीला लागणारा जीएसटी) भरून निर्यात करणाऱ्यांचे परतावे याच फरकावर 'एसबी००५' या त्रुटीच्या कोडाखाली अडकतात.

माल पास झाला की लेट एक्सपोर्ट ऑर्डर, म्हणजे कस्टम्सची माल नेण्याची परवानगी, निघते, जहाज सुटल्यावर बिल ऑफ लेडिंग. त्याचा मसुदा आला की गिऱ्हाईकाचं नाव-पत्ता, बंदर, कंटेनर आणि सील क्रमांक, वजन, भाडं कोण भरणार, हे तपासा. छापल्यानंतरच्या दुरुस्तीला पैसे पडतात. एक ओळ मुद्दाम लिहून घ्या : '२ पॅलेट, एकूण १४४ खोकी'. माल हरवला तर वाहतूकदाराची जबाबदारी नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा किलोमागे २ एसडीआर, यातल्या मोठ्या रकमेपुरतीच असते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, एक एसडीआर म्हणजे सव्वा ते दीड डॉलर धरा. नुसतं '२ पॅलेट' लिहिलं असेल तर नग दोनच.

बिल ऑफ लेडिंगच्या मूळ प्रती बहुधा तीन निघतात आणि त्या ज्याच्या हातात, माल त्याचा. पैसे पूर्ण आल्याशिवाय त्या सोडू नका आणि सरेंडर, म्हणजे टेलेक्स रिलीजही (मूळ प्रत न दाखवता माल सोडण्याची संमती) देऊ नका. गिऱ्हाईक घाई करणारच. विमानाच्या एअरवे बिलाला आणि कुरिअरच्या पावतीला ही ताकद नाही. त्यावर ज्याचं नाव आहे तो पैसे न देताही माल उचलू शकतो, म्हणून त्या वाटेला नव्या गिऱ्हाईकाकडून आगाऊ रक्कम घ्या.

विमा

सीआयएफ किमतीच्या ११० टक्क्यांचा विमा, इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज 'ए' (सगळ्यात व्यापक संरक्षणाची अट), गोदाम ते गोदाम, असा घ्या. तुमचा माल जळाला नाही तरी तो लागू शकतो. जहाज वाचवण्यासाठी केलेला खर्च सगळ्या मालधन्यांत वाटला जातो, त्याला जनरल अ‍ॅव्हरेज म्हणतात. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन जहाजाच्या वेळी तो जाहीर झाला होता. विमा नसेल तर रोख हमी भरल्याशिवाय माल मिळत नाही. ९ जून २०२५ ला केरळच्या किनाऱ्यापासून दूर पेटलेलं वान हाई ५०३ हे जहाज कोलंबोहून न्हावा शेवालाच येत होतं, म्हणजे या गोष्टी फार लांबच्या नाहीत.

आयात करणार असाल

क्रम तोच, उलट दिशेने. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडचा आयातीचा अर्ज, जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरा. उशिराचा दंड पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,००० आहे. शुल्क सीआयएफ किमतीवर लागतं. भाड्याचा कागद दाखवता आला नाही तर कस्टम्स एफओबीच्या २० टक्के भाडं धरतात, त्यामुळे भाड्याची पावती जपा. मूळ शुल्क १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के असेल, तर १,००,००० रुपयांच्या मालावर १०,००० शुल्क, त्यावर १,००० अधिभार, आणि १,११,००० वर १९,९८० आयजीएसटी. एकूण ३०,९८०. त्यातला आयजीएसटी पुढे क्रेडिटमध्ये मिळतो, पण माल सोडवताना रोख लागतोच.

कंटेनर आयातीत दोन घड्याळं चालतात. टर्मिनलच्या किंवा सीएफएसच्या आवारात माल पडून राहिल्याचं भाडं एक, आणि लाइनचा डबा मोफत दिवसांपलीकडे तुमच्याकडे राहिल्याचं डिटेन्शन दुसरं. मोफत दिवस बुकिंगच्या वेळीच वाढवून मागायचे. माल आल्यावर मागितले तर कुणी देत नाही.

नुकसान झालं तर

दारात गाडी आली की सही करण्याआधी खोकी बघा. फाटलेलं, ओलं किंवा कमी असेल तर पोचपावतीवर तसं लिहूनच सही करा. हे गिऱ्हाईकालाही आधी शिकवून ठेवा, कारण तिकडे सही तो करणार. आतलं नुकसान नंतर कळलं तर समुद्रमार्गे आलेल्या मालाला तीन दिवसांत लेखी सूचना द्यायची आणि दाव्याची मुदत एक वर्ष. विमानाच्या मालाला नुकसानीची तक्रार १४ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत, आणि भरपाईची मर्यादा किलोमागे २६ एसडीआर. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत फुटकी खोकी फेकू नका.

दावा जोडताना लागतात त्या गोष्टी : इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, शेरा मारलेली पोचपावती, आणि स्टफिंगच्या दिवशी काढलेले चार फोटो. रिकामा कंटेनर, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला, आणि बंद दारावरचं सील, आकडा वाचता येईल इतक्या जवळून.